'समानता' सुटली तिथून शिकलेलं पाठांतर

दोन वर्षांआधीची गोष्ट. २६ नोव्हेंबर, संविधान दिन, आमच्या ऑफिसात दरवर्षी उद्देशिकेचं वाचन होतं, एक जण समोर उभा राहून कागदावरून म्हणतो आणि बाकीचे त्याच्या मागून. त्या वर्षी माझा नंबर लागला आणि मला काय अवदसा आठवली काय माहीत, म्हटलं कागद कशाला पाहिजे बापा, शाळेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर असायची, दरवर्षी ऐकून राहिलो, येते आपल्याला. सुरुवात ऐटीत झाली. न्याय झाला, स्वातंत्र्य झालं, आणि मी तिथून सरळ 'निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा' वर उडी मारली. अर्धा हॉल माझ्या मागून तेच म्हणून मोकळा झाला, आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, "साहेब, समानता राहिली नं!"

सगळे हसले, मी पण हसलो, पण त्या रात्री झोप काही धड आली नाही.

आता गंमत बघा, ती ओळ मला येत होती. 'दर्जाची व संधीची समानता', कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती. मला जे येत नव्हतं ते एवढंच, की स्वातंत्र्य संपल्यावर लगेच काय येतं. म्हणजे ओळी सगळ्या पाठ, दोन ओळींमधला सांधा कच्चा. आणि वरून व्याकरणाने पण दगा दिला, 'स्वातंत्र्य निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा' हे वाक्य कानाला बरोबरच लागतं, कुठं खटकत नाही, म्हणून जिभेला कळलंच नाही की मधलं काही गळलं. त्यानंतर मी ठरवून उद्देशिका पक्की केली, मग त्याच पद्धतीने अजून दोनचार गोष्टी केल्या, आणि पोरीला पण तसंच शिकवून राहिलो. ते सगळं इथं लिहितो, उदाहरण उद्देशिकेचंच घेतो कारण ते एकच लांबलचक वाक्य आहे, यमक नाही, चाल नाही, म्हणजे पाठ करायला अवघड मालच आहे. हे जमलं तर कविता वगैरे सोपी जाते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की वीसदा वाचलं म्हणजे पाठ होतं. वाचून फक्त तोंडओळख होते. रोज जिन्यात भेटणारा माणूस असतो नं, चेहरा ओळखीचा, पण नाव विचारलं तर आपण बगलेत बघतो, तसं. कागद समोर असला की वाटतं येते, कागद झाकला की कळतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच करून बघितलं, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारेच पुढं होते, म्हणून तर आपण फसतो, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं निघाले. म्हणजे आठवायचा प्रयत्न हाच अभ्यास आहे, ती काही अभ्यासानंतरची परीक्षा नाही. एमपीएससीवाल्या पोट्ट्यांची पुस्तकं पाहतो मी लायब्ररीत, पानंच्या पानं पिवळ्या-गुलाबी पेनाने रंगवलेली, होळीच खेळली जशी काही, आणि पुस्तक बंद करून विचारलं तर सगळी गडबड.

पहिलं काम, मजकूर खात्रीचा घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे फोटो घेऊ नका, त्यात शब्द इकडचे तिकडे असतात आणि एकदा चूक पाठ झाली की ती उपटून काढणं नवीन पाठ करण्यापेक्षा जास्त जिवावर येतं. मी पोरीच्या पाठ्यपुस्तकातून घेतला. मग तो एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहा आणि शेवटपर्यंत तोच कागद वापरा, कारण कोणता शब्द कागदावर कुठं आहे, वरती का खाली, हे पण डोकं धरून ठेवतं. आणि अर्थ समजून घ्या, एकेका शब्दाचा. 'प्रवर्धित' म्हणजे वाढवणं हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, तोपर्यंत मी तिथं नुसता आवाज काढून राहिलो होतो. 'एकता आणि एकात्मता' मध्ये पण माझा घोळ व्हायचा, दोन्ही सारखेच वाटायचे, मग कळलं की 'एकात्मता' मूळची नाहीच, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली, तिच्यासोबतच वरती 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' आले. एकता आधीची, एकात्मता मागून आलेली, म्हणून मागे उभी. झालं, पुन्हा कधी उलटसुलट नाही झालं.

मग तुकडे पाडा. एका श्वासात मावेल तेवढा तुकडा, त्याहून मोठा नाही. माझे दहा पडले. पहिला 'आम्ही' पासून 'घडविण्याचा' पर्यंत, दुसरा 'व त्याच्या सर्व नागरिकांस', मग न्यायाचा, स्वातंत्र्याचा, समानतेचा, सहावा 'निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा', सातवा 'आणि त्या सर्वांमध्ये' पासून 'बंधुता' पर्यंत, आठवा 'प्रवर्धित करण्याचा संकल्पपूर्वक निर्धार करून', नववा संविधानसभा आणि तारखेचा, दहावा 'याद्वारे' पासून शेवटपर्यंत. दहा तुकडे, म्हणजे सांधे किती? नऊ. ते नऊ सांधे लक्षात ठेवा, खरं काम तिथं आहे.

एकेक तुकडा पाठ करायला मी आमच्या नागपूर मेट्रोचं महाकार्ड, म्हणजे प्रवासाचं कार्ड, वापरलं, खिशात असतंच. ओळीवर कार्ड ठेवायचं, म्हणायचं, सरकवून बघायचं बरोबर आलं का. आलं नाही तर लगेच कार्ड काढू नका, दहा-पंधरा सेकंद झगडा करा, डोकं खाजवा, मग बघा. तो झगडाच कामाचा असतो. एक तुकडा न अडता तीनदा आला की पुढं. दिवसाला दोन तुकडे बस झाले, उत्साहात पाच केले की दुसऱ्या दिवशी पाचही कच्चे निघतात, स्वानुभव.

तुकडा जरा येऊ लागला की पहिल्या अक्षरांचा कागद बनवा. म्हणजे पूर्ण शब्द नाही लिहायचे, फक्त पहिलं अक्षर. उद्देशिकेची सुरुवात अशी दिसते: आ भा लो, भा ए सा स ध लो ग घ. आणि शेवट असा: आ सं आ दि स नो १९४९ रो, या हे सं अं आ अ क स्व अ क आ. दुसऱ्याने बघितलं तर वाटेल मांत्रिकाचं काही आहे. पण हे पूर्ण मजकूर आणि कोरा कागद यांच्या मधली पायरी आहे, उत्तर देत नाही, फक्त चिमटा काढतं. आठ दिवस हा कागद मी मोबाईलच्या कव्हरमागे ठेवला होता.

आता सांधे. याच्यात मी काही नवीन शोधलं नाही, आपल्याकडे वेद पाठ करणाऱ्यांनी हे कधीचं ओळखून ठेवलं आहे. त्यांचा क्रमपाठ म्हणजे काय, पहिला शब्द-दुसरा शब्द, मग दुसरा-तिसरा, मग तिसरा-चौथा, प्रत्येक शब्द दोनदा येतो, एकदा मागच्याचा हात धरून आणि एकदा पुढच्याचा. जटापाठात तर एक-दोन, दोन-एक, एक-दोन असं मागं-पुढं विणतात, वेणीसारखं, आणि घनपाठ त्याच्याही पुढचा, तीन-तीन शब्द उलटसुलट. लिहून न ठेवता इतक्या पिढ्या शब्द काय स्वरसुद्धा न हलता टिकला तो असा. युनेस्कोने २००३ साली त्या परंपरेची दखल घेतली ते उगाच नाही. आपल्याला एवढं सगळं करायची गरज नाही, आपण फक्त सांध्यापुरता क्रमपाठ करायचा. मागच्या तुकड्याचे शेवटचे दोन शब्द आणि पुढच्याचे पहिले दोन, एवढंच घ्यायचं आणि घोटायचं. 'यांचे स्वातंत्र्य, दर्जाची व'. 'यांचे स्वातंत्र्य, दर्जाची व'. 'संधीची समानता, निश्चितपणे प्राप्त'. असे नऊ सांधे, प्रत्येक दहा-दहा वेळा, बाकी मजकुराला हातच लावायचा नाही. वरायटी चौकाच्या सिग्नलला लाल दिवा लागला की एक सांधा, हिरवा होईपर्यंत. हेल्मेटच्या आत बडबडलं तर कोणी बघत नाही.

सांध्यांमध्ये पण काही सांधे चकव्याचे असतात, ते वेगळे शोधून ठेवा. चकवा म्हणजे जिथं दोन जागा सारख्या दिसतात आणि जीभ चुकीच्या गल्लीत घुसते, आमच्या नागपूरच्या जुन्या महाल भागात नवीन माणूस जसा फिरून फिरून त्याच बोळात येतो. उद्देशिकेत 'ण्याचा' तीनदा येतो. घडविण्याचा, देण्याचा, करण्याचा. पहिल्या ण्याचा नंतर 'व त्याच्या', दुसऱ्यानंतर 'आणि त्या', तिसऱ्यानंतर 'संकल्पपूर्वक'. त्यातही 'व त्याच्या सर्व' आणि 'आणि त्या सर्वांमध्ये' हे तर जुळे भाऊच. मी बोटांवर बसवलं, पहिला ण्याचा अंगठ्यावर, दुसरा पहिल्या बोटावर, तिसरा मधल्यावर, म्हणताना हात पाठीमागे ठेवून बोट दाबतो. कोणतीही गोष्ट पाठ करायला घेतली की आधी पेन्सिलने असे सारखे शब्द गोल करून ठेवा, अडकणार तुम्ही तिथंच.

याद्यांचं काय करायचं? विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना, यात विश्वास आणि श्रद्धा कायम जागा बदलतात. मी ते अंगावरून खाली उतरवलं. विचार डोक्यात. अभिव्यक्ती तोंडातून. विश्वास म्हणजे मान डोलावणं, म्हणून मानेत. श्रद्धा छातीत. उपासनेला हात जोडले. डोकं, तोंड, मान, छाती, हात. एकदा हात फिरवून बघा स्वतःच, पुन्हा चुकणार नाही.

आणि मोठा सांगाडा, न्याय-स्वातंत्र्य-समानता-बंधुता, तो मी झिरो माईलच्या घोड्यांवर बसवला. ओळखीच्या रस्त्यावर एकेक गोष्ट ठेवत जायची ही युक्ती फार जुनी, रोमन लोक भाषणं अशी पाठ करायचे, मनातल्या घरात एकेका खोलीत एकेक मुद्दा. आपल्याला घर कशाला, आपल्याकडं झिरो माईल आहे. दगडी खांब आणि चार घोडे, नागपूरच्या माणसाने आयुष्यात हजारदा पाहिलेले. चार घोडे, चार शब्द. पहिल्यावर तागडी घेतलेला न्याय, दुसऱ्याचा लगाम सुटलेला, ते स्वातंत्र्य. तिसऱ्यावर एका उंचीची दोन माणसं बसवली, समानता. मग चौथ्याकडं जायच्या आधी मध्ये खांब, पक्का, हलत नाही, तो 'निश्चितपणे'. मग चौथा घोडा बंधुता. म्हणजे तिसऱ्या घोड्यावरून गेल्याशिवाय खांबाशी जाताच येत नाही, माझी उडी तिथंच बंद झाली. रस्त्याची सुरुवात वरायटी चौकातल्या गर्दीने, 'आम्ही, भारताचे लोक', आणि शेवट पुढं संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी, तिथं तारीख आणि 'स्वतःप्रत अर्पण'. पूर्वी त्याला आरबीआय चौक म्हणायचो, अजून पण तोंडात तेच येतं. तुमचं गाव दुसरं असेल तर तुमचा रस्ता घ्या, फक्त रोजच्या पायाखालचा पाहिजे.

शेवटून पाठ करणे हा एक प्रकार लोक करत नाहीत, करून बघा. आपण नेहमी पहिल्यापासून सुरू करतो म्हणून पहिली ओळ लोखंडासारखी पक्की आणि शेवट लोण्यासारखा. मी दहावा तुकडा आधी केला, मग नववा-दहावा, मग आठवा-नववा-दहावा. फायदा असा की म्हणताना जसजसं पुढं जाता तसतसं जास्त ओळखीच्या भागात येता, घराजवळ आल्यासारखं वाटतं, धीर येतो.

आता किती वेळा आणि कधी. जर्मनीतल्या एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती विसरलो ते मोजायचं, १८८५ साली छापलं त्याने. त्याला दिसलं की विसरणं सुरुवातीला धाडकन होतं आणि मग हळूहळू कमी होत जातं. म्हणून पहिली उजळणी लवकर पाहिजे आणि पुढच्या लांब लांब. मी केलं ते असं, सकाळी पाठ केलेलं त्याच रात्री झोपायच्या आधी एकदा, दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या चहाच्या आधी एकदा, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, पंधरा दिवसांनी, महिन्याने. रात्री म्हणून झोपलं तर सकाळी जास्त पक्कं निघतं, झोपेत डोकं ते मुरवत असतं लोणच्यासारखं. एका बसणीत पन्नासदा म्हणण्यापेक्षा अशी सहा वेळा भारी पडतात. ज्यांना इंग्रजी शब्द, तारखा, कलमं असं सुटं सुटं खूप पाठ करायचं आहे त्यांनी मोबाईलवर अँकी नावाचं अ‍ॅप घ्या, त्यात एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं असतात, कोणतं कार्ड कधी दाखवायचं ते स्वतःच ठरवतं. मोबाईल हातात घेतला की रील्समध्ये जाणारे असाल तर शूजच्या डब्यात पाच कप्पे करा, आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात, पुढचा कप्पा कमी वेळा उघडायचा. डब्याची ही पद्धत लाइटनर नावाच्या जर्मन माणसाने १९७२ च्या पुस्तकात सांगितली, फुकटात होते.

सगळ्यांसोबत म्हणताना येतं म्हणजे पाठ आहे असं समजू नका. आरतीचं बघा, गणपतीत सगळं बिल्डिंग जोरात म्हणतं, पण एकट्याला उभं करा आणि तिसरं कडवं म्हणायला लावा, टाळ्याच राहतात. बाजूचा माणूस पुढचा शब्द अर्धा सेकंद आधी म्हणतो आणि आपण त्यावर तरंगत जातो. म्हणून एकट्याने, मोठ्याने, आणि वेगवेगळ्या ठिकाणी म्हणून बघा. मी अंबाझरीला सकाळी फिरताना, तर्री पोह्यांच्या ठेल्यावर प्लेट येईपर्यंत मनात, मे महिन्यात कूलरच्या घरघरीत, आणि भांडी घासताना म्हटलं. दुप्पट स्पीडने पण म्हणा, सांधा कच्चा असेल तर स्पीडमध्ये लगेच कट्टकन तुटतो.

माझी सगळ्यात कडक परीक्षा पोरीने घेतली, आठवीत होती तेव्हा. मी ऐटीत पूर्ण म्हणून दाखवली तर म्हणते, "असं नाही बाबा, मी मधूनच विचारते. व्यक्तीची प्रतिष्ठा, त्याच्या आधी काय?" मी गप्प. मनातल्या मनात पहिल्यापासून सुरू केलं, तर म्हणते, "ओठ हलवून राहिले तुम्ही, चीटिंग आहे." बरोबर होतं तिचं. मधूनच उचलता आलं पाहिजे, तरच अडल्यावर सावरता येतं. दहा चिठ्ठ्या करा, एकेका तुकड्याचा पहिला शब्द लिहा, वाटीत टाका, जी निघेल तिथून शेवटपर्यंत म्हणा.

पाढ्यांचं थोडक्यात सांगतो कारण खूप लोक विचारतात. पाढे चालीत आहेत ती चाल मोडू नका, बे दुणे चार, बे त्रिक सहा, ती लय म्हणजेच सांधा. जुने लोक पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीचचे पाढे, सगळं असंच म्हणायचे, इतवारीतल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला सव्वासात गुणिले बारा विचारा, कॅल्क्युलेटर उघडायच्या आत उत्तर येतं. पण चालीत पाठ झाल्यावर पोरांना उलटं पण विचारत जा, नाहीतर सतरा सत्ते किती विचारलं की ते सतरा एके पासून गाडी सुटते.

समोर उभं राहून अडलात तर काय? पहिल्यापासून सुरू करू नका, त्याच जागी पुन्हा अडणार. एक तुकडा मागं जा, त्याचे शेवटचे दोन शब्द सावकाश म्हणा, सांधा घोटलेला असेल तर जीभ स्वतःच पुढं जाते. लोकांना वाटतं तुम्ही जोर देऊन राहिले. आणि खिशात कागद ठेवा हो, लाज कसली, कागद खिशात आहे एवढ्यानेच अर्धी भीती जाते.

पुढच्या वर्षी मीच नंबर मागून घेतला. पूर्ण झाली, समानतेपाशी मी नको तेवढं थांबलो आणि मागच्या रांगेकडं बघितलं, तो गडी पण हसला. त्यानंतर महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, एकदा म्हणून ठेवतो म्हणजे गंज चढत नाही. समानता पुन्हा कधी सुटली नाही, पण मागच्या महिन्यात 'संधीची' आधी आणि 'दर्जाची' नंतर आलं तोंडात, तिसऱ्या घोड्यावरच्या दोघांची जागा ठरवून द्यायची राहून गेली होती, तेवढं आता करून राहिलो.